दुखण्याचे शब्द आणि तेलाचे उपचार : जेऊर परिसरातील श्रमजीवनाच्या संदर्भात

१. विषयाची व्याप्ती

शारीरिक श्रमाने अंग दुखणे हा सार्वत्रिक मानवी अनुभव होय. परंतु तो सांगण्याची साधने प्रत्येक भाषेत निराळी असतात. मराठीत ती विपुल आहेत. हे वैपुल्य केवळ शोभेचे नसून त्यामागे एक वर्गीकरण आहे, आणि कोणत्या दुखण्यावर तेल चोळावे, कोणत्यावर चोळू नये, याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्या वर्गीकरणाच्या आश्रयाने टिकून राहिले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शब्दांतील भेद पुसले गेले तर उपचारांतील विवेकही पुसला जातो. म्हणून हा विषय भाषाभ्यासकांइतकाच आरोग्यसेवकांच्याही अगत्याचा आहे.

सोलापूर जिल्ह्यात जेऊर या नावाची दोन गावे आहेत. एक अक्कलकोट तालुक्यात, कन्नड भाषेच्या सान्निध्यात वसलेले. दुसरे करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक म्हणून परिचित असलेले. येथे जेऊर म्हणजे हे दुसरे गाव अभिप्रेत आहे. करमाळा तालुक्याला पुणे, अहिल्यानगर आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांच्या सीमा भिडतात. त्यामुळे पुण्याकडील ‘दुखतंय’ आणि मराठवाड्याकडील ‘दुखायलंय’ या रूपांचा हा संधिप्रदेश आहे. पुण्याकडून निघालेला लोहमार्ग १८६० पर्यंत सोलापूरला पोचला, तेव्हापासून स्थानकावरील मालाची चढउतार हे श्रमाचे एक नवे क्षेत्र या पट्ट्यात निर्माण झाले. पुढे १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले, आणि ज्वारी-करडईच्या या कोरडवाहू मुलखात ऊस व केळी यांचा विस्तार झाला.

पिके बदलली तशी दुखणारी अंगेही बदलली. रब्बीची ज्वारी या भागात हाताने उपटून काढतात. तिचा भार मनगटे, खांदे आणि कंबर यांवर पडतो. खुरपणी उकिडवे बसून करावयाची असल्याने गुडघे व मांड्या भरून येतात. ऊसतोडीत कोयत्याचा घाव घालणारा हात, सतत वाकलेली कंबर आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढताना ताणली जाणारी मान, अशी तीन ठिकाणे एकाच दिवशी श्रमतात. हमालाची पाठ आणि गुडघे यांविषयी निराळे सांगावयास नकोच.

२. दुखणे आणि क्रियापदे

संस्कृत ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. ज्याची जाणीव होते ती वेदना, इतकाच त्याचा मूलार्थ. बोलीभाषेने मात्र या सामान्य जाणिवेचे सूक्ष्म विभाग पाडले आहेत, आणि ते नामांपेक्षा क्रियापदांत अधिक स्पष्टपणे दिसतात.

उसण ‘भरते’, लचक ‘भरते’, चमक ‘निघते’, कळ ‘येते’, रग ‘लागते’, गोळा अथवा पेटका ‘येतो’, मुंग्या ‘येतात’, मान किंवा कंबर ‘धरते’, अंग ‘आंबते’, पिंढऱ्या ‘भरून येतात’, जखम ‘ठणकते’, गळू ‘ठसठसते’. या योजनांत अदलाबदल सहसा होत नाही. ‘ठणका भरला’ किंवा ‘उसण ठसठसते’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे नाम आणि क्रियापद यांची जोडी हेच येथे निदानाचे एकक आहे.

या जोड्यांचे चार गट पाडता येतात. पहिला गट श्रमाच्या साध्या थकव्याचा : अंग आंबणे, पिंढऱ्या भरून येणे, रग लागणे. यांत दुखणे पसरलेले असते आणि त्याचे कारण बोलणाऱ्यास ठाऊक असते. दुसरा गट आकस्मिक स्नायुविकाराचा : उसण भरणे, लचक भरणे, मान धरणे, गोळा येणे. यांत दुखणे एका जागी असते आणि ते एका विशिष्ट क्षणी सुरू झालेले असते. तिसरा गट प्रवाही दुखण्याचा : कळ जाणे, सणक मारणे, चमक निघणे, मुंग्या येणे. यांत दुखणे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, किंवा दुखण्याऐवजी बधिरपणा जाणवतो. चौथा गट दाहाचा : ठणकणे, ठसठसणे, भगभगणे. यांत उष्णता आणि नाडीसारखे ठोके यांची सूचना असते.

क्रियापदाचे काळरूपही अर्थपूर्ण असते. ‘कंबर दुखती’ म्हणणारी स्त्री नित्याची स्थिती सांगते. ‘कंबर दुखायलीय’ म्हणणारी आताची चालू स्थिती सांगते. ‘कंबर दुखतच राहती’ यात विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे सूचित होते. वैद्यकात जुनाट, तीव्र आणि अखंड असे जे भेद केले जातात, ते येथे प्रत्ययांतून आपोआप व्यक्त होतात.

‘अंग आंबणे’ या प्रयोगाविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. श्रमाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते व त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंग दुखते, असे दीर्घकाळ मानले जात होते. त्या मताचा आधार घेऊन ‘आंबणे’ या शब्दात आधुनिक शास्त्राचे बीज शोधण्याचा मोह सहज होतो. परंतु ते मत आता मागे पडले आहे. श्रमानंतर हे आम्ल थोड्याच वेळात रक्तातून निघून जाते. एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचणारे दुखणे स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे व तिच्या दुरुस्तीमुळे होते. ‘आंबणे’ हे फार तर एक समर्पक रूपक आहे. शब्दावरून शरीरशास्त्र सिद्ध होत नाही.

३. तेल या शब्दाचा विस्तार

‘तेल’ हा शब्द संस्कृत ‘तैल’ यावरून आला, आणि ‘तैल’ म्हणजे तिळाचे ते. आरंभी एकाच बीजाशी निगडित असलेला हा शब्द पुढे सर्व स्निग्ध द्रवांना लागू झाला. मग ‘तिळाचे तेल’ अशी वस्तुतः द्विरुक्त शब्दयोजनाही आवश्यक ठरली. समासात या शब्दाचा संकोच होऊन ‘-एल’ असा अवशेष राहिला : खोबरेल, एरंडेल, करंजेल, फुलेल. इंग्रजी ‘रॉक ऑइल’वरून आलेले ‘रॉकेल’ याच साच्यात इतके चपखल बसले की त्याचे परकेपण जाणवत नाही. संस्कृतातील ‘स्नेह’ या शब्दाला तेल आणि माया असे दोन्ही अर्थ आहेत, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिळाला मिळालेल्या या भाषिक अग्रस्थानास वस्तुगत आधार आहे. सोलापूर हा करडईचा प्रसिद्ध प्रदेश असून स्वयंपाकात करडईच्या तेलाचा वापर येथे परंपरेने चालत आला. परंतु करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असल्याने हवेच्या संपर्कात त्याचे सावकाश ऑक्सिडीकरण होते व त्याचा पातळ थर चिकट होऊन वाळतो. या गुणामुळेच ते रंगकामातही उपयोगी पडते. तिळाच्या तेलात मात्र सेसॅमॉल आदी द्रव्ये असतात व ती ऑक्सिडीकरण रोखतात. म्हणून तिळाचे सिद्ध केलेले तेल पुष्कळ दिवस खवट होत नाही. एरंडेल घट्ट व चिवट असल्याने ते चोळण्यापेक्षा पान गरम करून बांधताना अधिक सोयीचे पडते.

आयुर्वेदाने वातविकारांत तिळाच्या तेलाला श्रेष्ठ मानले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा भाग म्हणून अभ्यंग सांगितला असून जरा, श्रम आणि वात यांचे निवारण हे त्याचे फल म्हटले आहे. श्रमपरिहार हा तेलाचा प्रधान हेतू असल्याचे येथे स्पष्ट होते. ग्रंथातील ‘मर्दन’ आणि बोलीतील ‘मळणे’ ही एकाच कुळातील रूपे होत. कणीक मळणे, धान्याची मळणी आणि अंग मळणे या तिन्ही क्रियांना एकच धातू लागू पडतो, यावरून अंगमर्दन हे आधी हातांचे काम आणि मग औषधाचे, हा लोकसमज व्यक्त होतो.

४. तेल सिद्ध करण्याची रीत

घरगुती रीत सामान्यतः अशी आढळते. तिळाच्या तेलात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या, ओवा आणि निर्गुडीचा पाला घालून ते मंद आचेवर ठेवतात. पाला कुरकुरीत झाला आणि चरचर थांबली की भांडे उतरवून तेल गाळतात. तेल निवत आल्यावर कापूर मिसळतात.

शार्ङ्गधरसंहितेतील स्नेहसिद्धीचे प्रमाण याहून नेटके आहे : वनस्पतीचा कल्क १ भाग, स्नेह ४ भाग आणि द्रव १६ भाग. पाक झाला की नाही हे ओळखण्यासाठी कल्काची वळी होणे, तो अग्नीवर टाकला असता आवाज न होणे आणि तेलावर फेस येणे, अशा खुणा दिल्या आहेत. मृदू, मध्यम आणि खर अशा तीन पाकांपैकी खरपाक अभ्यंगासाठी योग्य मानला आहे.

ग्रंथातील ‘आवाज न होणे’ आणि घरातील ‘चरचर थांबणे’ या खुणा एकाच घटनेच्या आहेत. चरचर होते ती पाल्यातील पाण्याची वाफ तेलातून निसटत असल्यामुळे. पाणी शिल्लक आहे तोवर मिश्रणाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही. पाणी संपताच ते झपाट्याने चढते आणि पाला करपतो. उलट, पाणी राहिले तर तेलाला बुरशी धरते. अशा रीतीने एका ध्वन्यनुकारी शब्दात पाकाची नेमकी वेळ सांगितलेली आहे.

५. तेलाने काय होते

तेल अंगात ‘जिरते’ असे म्हटले जाते. वास्तविक तेलाचा मोठा भाग त्वचेच्या वरच्या थरातच राहतो. तथापि उपचार निष्फळ आहे असा याचा अर्थ नाही. त्याचे कार्य अन्य मार्गांनी होते.

पहिला मार्ग स्पर्शाचा. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला. त्यानुसार स्पर्श व दाब वाहून नेणारे मज्जातंतू उद्दीपित झाले की मेरुरज्जूत वेदनेच्या संदेशांचा मार्ग अंशतः अडतो. त्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बदल झाले, तरी चोळल्याने दुखणे का हलके होते याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण आजही ग्राह्य आहे. या दृष्टीने तेल हे मुख्यतः वंगण होय : त्यामुळे त्वचा न सोलवटता दीर्घकाळ दाब देता येतो.

दुसरा मार्ग उष्णतेचा. कोमट तेलाने व त्यानंतरच्या शेकाने स्नायूंचा ताठरपणा उतरतो. तिसरा मार्ग तिखट व सुगंधी द्रव्यांचा. १९९७ साली डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीतील कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर क्रिया करते तो ग्राही शोधून काढला. तोच ग्राही दाहक उष्णतेनेही उद्दीपित होतो. या क्षेत्रातील कार्यासाठी ज्यूलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्देम पॅटापूशियन यांच्यासह मिळाले. कापूर उष्णतेच्या ग्राहींवर आणि पुदिन्याचे फूल थंडाव्याच्या ग्राहीवर क्रिया करते. तेल लावल्यावर ‘गरम वाटते’ किंवा ‘थंड वाटते’ हा अनुभव त्यामुळे खरा असतो, जरी अंगाचे तापमान फारसे बदललेले नसते.

निर्गुडीच्या पाल्यात दाह कमी करण्याचा गुण असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. मात्र वरील तीन मार्ग पाहता, श्रमाच्या साध्या दुखण्यात उपचाराचा मोठा वाटा चोळण्याला आणि शेकाला दिला पाहिजे. अंगदुखीच्या गोळ्या वरचेवर घेतल्याने जठर व मूत्रपिंडे यांना होणारा अपाय ध्यानात घेता, तेल-शेकाचे हे साधन अल्पमोल मानण्याचे कारण नाही.

६. एक नाव, दोन वनस्पती

तेलोपचारातील खरा धोका पुष्कळदा नावात असतो. त्याची दोन उदाहरणे या पट्ट्यात सर्वत्र आढळणाऱ्या वनस्पतींची आहेत.

‘धोत्रा’ म्हणजे काटेरी फळाचा, मोठ्या कर्ण्यासारख्या फुलाचा धत्तूर. ‘पिवळा धोत्रा’ ही मात्र सर्वस्वी निराळ्या कुळातील, मूळची मेक्सिकोकडील वनस्पती होय. काटेरीपणाच्या साम्यावरून तिला जुने नाव मिळाले. धोत्र्याच्या पाल्याचे तेल सांधेदुखीवर लावण्याची चाल आहे. त्यातील स्कोपोलामिनसारखी विषारी द्रव्ये त्वचेतून शोषली जातात. प्रवासातील मळमळीवर कानामागे लावण्याची स्कोपोलामिनची पट्टी याच गुणावर आधारलेली आहे. म्हणून असे तेल मोठ्या भागावर किंवा फुटलेल्या त्वचेवर चोळल्यास तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारणे, भ्रम अशी लक्षणे उद्भवू शकतात. पिवळ्या धोत्र्याचा अपाय वेगळा आहे. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलातील त्याच्या भेसळीने अंगावर सूज येणाऱ्या रोगाची साथ उद्भवली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. हे तेल पोटात गेल्यानेच अपाय होतो असेही नाही. मालिशीसाठी वापरलेल्या भेसळीच्या तेलामुळे हा विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ‘धोत्र्याचे तेल लाव’ या एका वाक्यात अशा रीतीने दोन निरनिराळी संकटे दडलेली आहेत.

दुसरे उदाहरण एरंडाचे. ‘एरंड’ आणि कुंपणाला लावतात तो ‘मोगली एरंड’ यांचे कुळ एक असले तरी वनस्पती भिन्न आहेत. एरंडेल परंपरेने पोटातही घेतले जाते. मोगली एरंडाचे तेल मात्र पोटात घेणे घातक असून त्याच्या बिया खाल्ल्याने मुलांना उलट्या व जुलाब होतात. तेव्हा विशेषण गळणे हा येथे केवळ भाषेचा संक्षेप राहत नाही.

शास्त्रीय परंपरेने याबाबत अधिक जबाबदारी दाखविली, असे म्हणावे लागते. धोत्रा व बचनाग घालून केलेल्या तेलाला आयुर्वेदात ‘विषगर्भ तैल’ असे नाव आहे. बाटलीवरील नावातच इशारा समाविष्ट आहे. घरगुती नावात तो नसतो.

७. जेथे तेल थांबले पाहिजे

दुसऱ्या विभागात सांगितलेल्या चार गटांचा उपयोग येथे होतो. पहिल्या गटात, म्हणजे अंग आंबले, पिंढऱ्या भरल्या, रग लागली असता, तेल व शेक निर्धोकपणे योजता येतात. दुसऱ्या गटात थोडा विवेक लागतो : ताज्या मुरगळीत पहिले दोन दिवस चोळू नये, कारण त्याने सूज वाढते. उसण भरली असता पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची जी रूढी आहे, तिच्याविषयी इतकेच म्हणता येईल की साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच उतरते आणि श्रेय पायाला मिळते.

तिसऱ्या गटात तेल हा मुख्य उपचार नव्हे. कमरेतून पायात उतरणारी कळ, हातापायांना सतत येणाऱ्या मुंग्या, पकड ढिली होणे, ही मज्जातंतूवरील दाबाची चिन्हे असू शकतात. त्यांच्या जोडीला लघवीचे नियंत्रण सुटले तर तो तातडीचा प्रसंग असतो. चौथ्या गटात चोळणे वर्ज्यच समजावे. तापासह ठणकणारा सांधा किंवा एकाच पायाची सुजलेली, तापलेली पिंढरी दाखवून घेतली पाहिजे. पिंढरीत रक्ताची गाठ असल्यास चोळल्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाण्याचा धोका असतो.

सर्वांत गंभीर प्रमाद घडतो तो ‘उसण’ या शब्दाच्या अर्थविस्ताराने. ओझे उचलणाऱ्या माणसाला छातीत कळ आली, ती खांद्यात किंवा डाव्या हातात उतरली, घाम फुटला, तर ‘छातीत उसण भरली’ असे म्हणून तेल चोळले जाण्याचा संभव असतो. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येक तास मोलाचा असतो. उसण एका जागी ‘भरते’; जी ‘उतरते’ ती कळ. बोलीने हा भेद केलेला आहे. तो पाळला तर प्राण वाचू शकतो.

या भेदांवर आक्रमण दोन बाजूंनी होत आहे. एकीकडे ‘वात’ हा शब्द सर्व दुखण्यांवर पांघरूण घालतो. दुसरीकडे ‘मणक्यात गॅप’ हा नवा शब्दप्रयोग क्ष-किरण चित्रातील वयोमानाच्या साध्या बदलांनाही रोगाचे रूप देतो. पहिल्याने गंभीर दुखणे घरी राहते, दुसऱ्याने साधे दुखणे भयावह होते. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत यांपैकी काहीच न लिहिता केवळ ‘अंगदुखी’ लिहिले गेले, म्हणजे भेद पुसण्याचे कार्य पूर्ण होते.

८. उपसंहार

इंग्रजीत वेदनेच्या शब्दांचा पद्धतशीर उपयोग निदानासाठी केला गेला आहे. १९७५ साली मेलझॅक यांनी प्रसिद्ध केलेल्या मॅक्गिल वेदना-प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत मांडलेले असून रुग्ण त्यांतून आपले दुखणे निवडतो. अशा प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर मराठीत पुरेसे उपयोगी पडणार नाही; कारण इंग्रजीतील वर्गीकरण प्रामुख्याने विशेषणांवर उभे आहे, आणि मराठीतील, वर दाखविल्याप्रमाणे, नाम व क्रियापद यांच्या जोड्यांवर. ‘भरते की उतरते’, ‘येते की धरते’, ‘ठणकते की आंबते’ असे प्रश्न विचारणारी प्रश्नावली बोलीच्या आधारे तयार झाली पाहिजे. त्यासाठी तालुकावार शब्दसंग्रह हवेत, त्यांत वनस्पतींची नावे विशेषणांसह व वनस्पतीच्या प्रत्यक्ष नमुन्यांसह नोंदलेली हवीत, आणि श्रमाचा प्रकारही त्यापुढे लिहिलेला हवा.

ऊस तोडणारी स्त्री दिवसाअखेर ‘हात आंबले’ म्हणते, तेव्हा तिला कोमट तेल आणि रात्रीची विश्रांती पुरेशी असते. तीच स्त्री ‘हाताला मुंग्या येत्यात, कोयता सुटतो’ म्हणू लागली, तर तिला वैद्याकडे नेले पाहिजे. दोन्ही वाक्ये तिने स्वतः, स्पष्ट मराठीत उच्चारलेली असतात. ती निराळी ऐकली आणि निराळी लिहिली जाणे, एवढेच ऐकणाऱ्याकडून अपेक्षित आहे.